पुढचा गाळा, जुना प्याला आणि मागचा बाक

मी, या कागदाच्या प्रत्येक पानाखाली सही करणारा, वय चौपन्न, धंदा धातूची भांडी घडवणे, दुरुस्त करणे व त्यांवर मुलामा चढवणे, असे लिहून ठेवतो की हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही (अक्षर पाहून खात्री करून घ्यावी) आणि खांद्यावरून वाकून कोणीही मला शब्द सुचवत नाही. सुचवले असते तरी मी घेतले नसते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिलेच आहे, आणि देवाची मर्जी असेल तर बऱ्याच वर्षांनी उघडायचे आहे.

कारण असे की येत्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवले. नवी झडप कोणत्या धातूची, कड कशी घासलेली, गंज धरेल का, हे मी विचारले. तिसऱ्या प्रश्नाला त्या हसून म्हणाल्या, "काका, बाकीचं आम्ही बघतो. तुम्ही तेवढी घरची निरवानिरव करून या." तो शब्द मी जसाच्या तसा घेतला.

वकिलाकडेही जाऊन आलो. त्यांनी छापील मसुदा पुढे सरकवला. त्यात "माझी प्रिय पत्नी", "माझा प्रिय बंधू" असे आधीच छापलेले होते. कोण किती प्रिय ते मी ठरवीन म्हणालो आणि उठलो. मी शाळेत सहावीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण यंत्रांचे सुटे भाग ज्या कागदांत गुंडाळून येत ते कागद सरळ करून वाचण्यात झाले. बरोबर लिहिण्यापुरते ते पुरते. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते जोडपत्रात दिले आहेत. इथे मात्र ज्याला घरात जे म्हणतो तेच लिहिले आहे, म्हणजे "हे माझ्याबद्दल नाहीच" असे कोणाला म्हणता येणार नाही.

कलम १. देह.
माझे दफन आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रीतीने व्हावे. पेटी साधी असावी. तिच्या कड्या पितळी असाव्यात आणि त्यांना मुलामा देऊ नये. मातीखाली जाणाऱ्या वस्तूला मुलामा देणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे होय. धाकट्याने, म्हणजे माझ्या पाठच्या भावाने, जो आमच्या चर्चच्या पंचकमिटीचा चिटणीस आहे, भाषण करू नये. केलेच तर उभे राहून करावे. त्याची कंबर दुखते, त्यामुळे लवकर आटपेल.

कलम २. राहते घर.
घर स्वकष्टाचे आहे. ते माझ्यामागे पत्नीचे तहहयात आणि तिच्यामागे मुलीचे. खिडकीकडची खोली मात्र माझी थोरली बहीण अक्का हिची, ती जिवंत असेपर्यंत. तिला त्या खोलीतून कोणीही, कोणत्याही भांडणावरून, हलवू नये. ती माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी जे बोलली त्यावरून तर मुळीच नाही.

काय बोलली ते लिहितो, कारण अर्धवट ऐकलेले वाक्य घरात जास्त दिवस टिकते. माझा जावई बेकरीत कारागीर आहे आणि वर्णाने काळा आहे. त्याची माणसे बंदराकडच्या वस्तीतली. आम्ही गोरे. मुलीने लग्नाचे सांगितले तेव्हा अक्का मला म्हणाली, "एवढी उजळ पोर, आणि नेऊन भट्टीत घातलीस!"

मी तिला शास्त्रातली मोशेची गोष्ट ऐकवली. मोशेने परदेशातली काळी बायको केली, त्याची बहीण मिर्याम त्यावरून नको ते बोलली, आणि कोड फुटून ती बर्फासारखी पांढरी झाली. मला वाटले, आता ही गप्प बसेल. अक्का म्हणाली, "मग माझं काय बिघडतंय? मी आधीच पांढरी आहे."

याच अक्काने माझ्या नातीला, आमच्या चिमणीला, गोवरातून मांडीवर घेऊन बसून बाहेर काढले आहे. आणि हीच अक्का रविवारी चर्चला निघण्याआधी त्या पोरीच्या तोंडाला पावडर थापते. एकदा चिमणी म्हणाली, "अक्काआजी, आता बाबांना लाव." अक्का म्हणाली, "तुझ्या बाबांना एक डबा पुरायचा नाही गं." आम्ही सगळे हसलो. जावई सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याच्या त्या हसण्याचा मला अजून त्रास होतो. छातीत होतो तो वेगळा.

कलम ३. अवजारे.
लेथ, पॉलिशचे यंत्र, ऐरण, मुलाम्याच्या टाक्या व सर्व हातोड्या मुलीला. तिला हे काम येते, आणि कड घासण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी तिला कधी सांगितलेले नाही ते येथे सांगतो. जावयाला यातले काही देत नाही. त्याला पीठ कळते, धातू कळत नाही, आणि कळतो असे तो म्हणतही नाही. हातोड्या उसन्या देऊ नयेत. शेजारच्या सायकलवाल्याला तर कधीच नाहीत. तो पॉलिशच्या हातोडीने खिळे ठोकतो.

कलम ४. शिल्लक.
बँकेत व घरात जे असेल ते पत्नीचे. तिने ते स्वतःवर खर्च करावे. करणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहिले.

कलम ५. जुना प्याला.
प्रभुभोजनाचा जो जुना प्याला माझ्या कारखान्यात आतल्या फळीवर आहे तो चोरीचा नाही. पंचकमिटीने भंगारात काढला तेव्हा मी तो वजनावर विकत घेतला. पावती जोडली आहे. पितळी आहे, आतून-बाहेरून चांदीचा मुलामा, दांडी पोकळ, बूड अष्टकोनी.

आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा द्राक्षरस घेत आली. पाळकसाहेब एकाला पाजायचे, कड पांढऱ्या रुमालाने पुसायचे, प्याला किंचित फिरवायचे आणि पुढच्याच्या ओठांना लावायचे. त्यातून खोकणारे प्यायले, शिंकणारे प्यायले. आमच्या वडिलांच्या मिश्या त्यात बुडत. कोणी कधी जंतूंचे नाव काढले नाही.

मग रस्ता रुंद करताना बंदराकडचे छोटे चर्च पाडले गेले आणि तिथली मंडळी आमच्यात आली. दोघांचेही पूर्वज समुद्रावरून आलेले. आमचे बोटीच्या वरच्या मजल्यावरून, त्यांचे तळातून, गुलाम म्हणून. बोट कदाचित एकच असेल. पंचकमिटीने टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्यासाठी मागचे बाक नवे रंगवून दिले. पहिले प्रभुभोजन एकत्र झाले, आणि त्याच आठवड्यात कमिटीच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला. इतकी वर्षे झोपलेले जंतू एका रविवारी उठून बसले. दांडी हलते असे कारण दाखवून प्याला काढला. त्याच्या जागी अंगठ्याएवढे सुटे प्याले आले, मुलामा दिलेले, दोन ताटांत मांडलेले. एक ताट पुढच्या बाकांना, एक मागच्या. रसाबरोबरची भाकर मात्र दोन्हीकडे एकच राहिली. ती बेकरीतून येते. माझ्या जावयाने ती तेव्हाही मळली होती आणि आजही मळतो, आणि ती खाताना कोणाला जंतू आठवत नाहीत.

पाळकसाहेबांना मी विचारले. ते म्हणाले, "शांततेसाठी आहे हो. थोडं सांभाळून घ्या." मी त्यांना प्रभूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट तोंडावर ऐकवली. पेत्र परक्या लोकांच्या पंगतीला खुशाल जेवत होता, आणि आपली माणसे आलेली दिसताच हळूच उठून बाजूला झाला. पौलाने चारचौघांत त्याची कानउघाडणी केली. या गोष्टीतला पेत्र कोण, याबद्दल मला त्या दिवशी तिळमात्र शंका नव्हती.

प्याल्याची दांडी मी दुरुस्त केली. आतून नळी बसवली, बाहेरून सांधा दिसत नाही. मुलामा नव्याने चढवताना एक विचार आला आणि तो मला फार आवडला. जावयाला बोलावून सांगितला. "हे बघा, वरचा थर वेगवेगळा असेल, पण खरवडलं की खाली पितळ एकच. माणसाचंही तसंच."

त्याने प्याला हातात घेऊन फिरवून पाहिला. म्हणाला, "म्हणजे बाबा, एक व्हायला मला खरवडून घ्यावं लागणार?"

"तसं नाही हो."

"मी वरून आहे तसाच आतपर्यंत आहे. देवाने मला पितळ करून वर काळा रंग नाही दिला."

देवाने सगळी माणसे एका रक्तापासून केली, हे मी लहानपणापासून म्हणत आलो. पण म्हणताना ते रक्त बहुधा माझ्याच घरातले धरत होतो.

कलम ६. पॉलिश.
या कलमाने कोणाला काही मिळत नाही; पण याशिवाय पुढचे कळणार नाही. प्रभुभोजनानंतर दोन्ही ताटांतले सुटे प्याले एकाच घमेल्यात, एकाच पाण्यात धुतले जात. कोणी तरी ते हेरले. गेल्या वर्षी धाकट्याने दोन्ही ताटे पॉलिशसाठी माझ्याकडे पाठवली. प्याले उलटे करून मांडताना पाहिले, तर बरोबर निम्म्यांच्या बुडाला टोच्याने ओढलेली आडवी रेघ. कारखान्याची खूण अशी वाकडीतिकडी नसते. मी फोन केला.

"खाली रेघा कसल्या रे?"

"अरे दादा, ताटं दोन आहेत ना. धुताना मिसळू नयेत म्हणून."

"मिसळले तर काय होईल?"

तो म्हणाला, "दादा, तू फक्त पॉलिश कर."

मी फक्त पॉलिश केले. बुडासकट.

त्या रविवारी ताट फिरले आणि प्याल्यांच्या बुडाला रेघ नाही हे दिसताच पुढच्या बाकांवर एकाएकी साथ आली. कोणाचा घसा बसला, कोणाच्या दाताला लागत होते. अक्काला आम्लपित्त झाले. मला मनातून गुदगुल्या होत होत्या, हे लपवत नाही. पण त्याने अक्कल आली असेल तर ती कमिटीलाच आली. पुढच्या महिन्यात नवे प्याले आले, पुढच्यांसाठी बुटके, मागच्यांसाठी उंच. आता रेघ ओढायची गरज नाही, लांबूनच दिसते. "सोयीचं पडतं," धाकटा म्हणाला.

कलम ७. पुढचा गाळा.
माझ्या कारखान्याचा रस्त्याकडचा गाळा धाकट्याच्या कापड दुकानाला लागून आहे. मधली भिंत पाडून दुकान मोठे करावे ही त्याची कित्येक वर्षांची इच्छा आहे. त्याबद्दल गुरुवारी मी असे लिहिले होते:

"सदर गाळा माझ्या धाकट्या भावास द्यावा, परंतु एका अटीवर. माझ्या दफनाच्या उपासनेत जुन्या प्याल्यातून प्रभुभोजन व्हावे, प्रथम माझ्या जावयाने प्यावे आणि त्याच्या पाठोपाठ, कड न पुसता, माझ्या भावाने प्यावे. न प्यायल्यास गाळा मुलीस जावा."

हे कलम मी सगळ्यांत जास्त मन लावून लिहिले होते. "कड न पुसता" हे शब्द नंतर वर घातले आणि स्वतःवर खूश झालो.

कलम ८. कलम ७ रद्द.
शुक्रवारी संध्याकाळी मी कलम ७ जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले. पत्नी, मुलगी, जावई होते. अक्का तिच्या खोलीत झोपली होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, काका पितील. गाळ्यासाठी काका समुद्र पितील."

"पिऊ दे की! सगळ्यांसमोर पिऊ दे!" मी म्हणालो.

पत्नीने पाण्याचा तांब्या माझ्यापासून दूर सरकवला. मी चिडलो की टेबलावर हात आपटतो, म्हणून. म्हणाली, "अहो, प्रभूने त्याला धरून देणाऱ्या यहूदालासुद्धा आपल्याच ताटातला घास दिला. बदल्यात गाळा दाखवला नव्हता."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तुम्ही काय त्याच्यापेक्षा शहाणे?"

मी जावयाकडे पाहिले. आपली बाजू घेणारा तो एकटाच, असे मला वाटत होते. त्याने घास खाली ठेवला. "बाबा, एक विचारू? मी आधी प्यायचं. मग काकांनी. आणि सगळ्या चर्चने त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं, वाकडं होतंय का. असंच ना?"

"असंच."

"मग यात मी कोण? गाळ्याची किल्ली?"

"अहो, हळू," मुलगी म्हणाली.

"हळूच बोलतोय. बाबा, त्या दिवशी तुम्ही पेटीत असाल. मला रडायचं असेल हो. त्या दिवशीसुद्धा माझा रंगच कामाला लावायचा?"

माझ्या तोंडून नको ते निघाले. मी म्हणालो, "तुमच्यासाठीच तर करतोय!"

"मला विचारलंत कधी?"

हे खरे होते. रेघा पुसल्या तेव्हाही विचारले नव्हते.

"बरं, आता विचारतो. काय पाहिजे तुम्हाला? सांगा, तसं लिहितो."

"लिहू नका. परवा या."

"कुठे?"

"मागच्या बाकावर. तुमची मुलगी तिथे बसते, चिमणी बसते. तुम्ही कमिटीशी भांडलात, पाळकसाहेबांना सुनावलंत, सगळं केलंत. पण रविवार आला की तुम्ही पुढून दुसऱ्या बाकावर. थोडं मागे येऊन बसायला मृत्युपत्र कशाला लागतं?"

"तो बाक आमच्या वडिलांचा आहे."

"हो ना," तो म्हणाला. "म्हणूनच."

पत्नीने कोणाकडे न बघता त्याला वाढले. तो जेवला. मी नाही.

रात्रभर मी त्याच्यावर रागावलेला होतो, हे इथे नोंदवतो. मग राग कोणावर ठेवावा ते कळेना. पेत्राची गोष्ट दुसऱ्याला सांगण्यात मी तरबेज आहे. त्या गोष्टीत तो उठून जातो कारण आपली माणसे बघत असतात. मी उठून गेलो नाही एवढेच, कारण त्या पंगतीला मी मुळात बसलोच नव्हतो. सबब कलम ७ संपूर्ण रद्दबातल. खोडलेले नाही, वाचता यावे म्हणून तसेच ठेवले आहे.

कलम ९. गाळा, पुन्हा.
पुढचा गाळा धाकट्याला. विनाअट. त्याने तो प्याल्यातून न पिता, माझ्या जावयाच्या हातात हात न देता, मागच्या बाकांकडे मान न वळवताही घ्यावा. त्याला लाज वाटावी म्हणून देत नाही. तसा संशय येईल, म्हणून स्पष्ट लिहिले. लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपायचो आणि तो ते ओढून घ्यायचा. आताही ओढतोय, मीच सोडतो आहे. भिंत पाडताना मधला खांब पाडू नये. छप्पर त्याच्यावर आहे. गवंडी काहीही सांगो, पाडू नये.

हे लिहिताना हात आखडतो, हे खरे आहे. एखाद्याला फुकट देणे हे अट घालून देण्यापेक्षा किती जड आहे, ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. सांगितले असेल, दर रविवारी. मी पुढून दुसऱ्या बाकावर बसून ऐकले असेल.

कलम १०. प्याला, पुन्हा.
जुना प्याला मंडळीला परत. पाळकसाहेबांच्या खोलीतल्या कपाटात ठेवावा. वापरा असे मी म्हणत नाही. जावयाला विचारले, या वेळी आधी विचारले. तो म्हणाला, "तिथेच बरा. आमच्या घरी ठेवलात तर आम्ही आमच्यातच पिणार." दांडी आता हलत नाही, त्यामुळे ते कारण पुन्हा कोणी देऊ नये.

कलम ११. व्यवस्था.
या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नीने करावी. ती कोणाच्या भिडेला बळी पडत नाही, माझ्याही नाही. वाद झाल्यास तिचा शब्द शेवटचा. मी जिवंत असतानाही तोच होता.

एवढे लिहून, आधी स्वतःशी व मग साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून, बरोबर असल्याची खात्री करून सही करतो. दोन्ही साक्षीदारांना किंवा त्यांच्या घरच्या कोणाला यातून काही मिळत नाही. एक पुढच्या बाकांवरचा असावा व एक मागच्या, हे मी मुद्दाम पाहिले आहे. दोघांनी एकाच पेनाने सही केली.

सही
स्थळ: माझा कारखाना, लेथच्या शेजारचे टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, दुपार
साक्षीदार पहिल्या: चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवणाऱ्या बाई
साक्षीदार दुसरे: बंदराकडच्या वस्तीतले शिंपीकाका

पुरवणी
(वरील मृत्युपत्राचा भाग समजावी. रविवारी संध्याकाळी लिहिली.)

आज सकाळी मी मागच्या बाकावर बसलो. जावयाच्या शेजारी. पत्नी माझ्या पलीकडे. बसताना बाक करकरला आणि पुढची डोकी वळली. शिंपीकाकांनी सरकून जागा केली आणि कानात म्हणाले, "सांभाळून. इथला खिळा वर आलाय." खरेच आला होता. इतकी वर्षे आला असेल.

अक्का पुढे एकटी बसली होती. तिला मी आदल्या रात्री सांगितले होते, तू पण ये. ती म्हणाली, "मला मागून ऐकू येत नाही." तिला सगळे ऐकू येते.

प्रभुभोजनाच्या वेळी बुटक्या प्याल्यांचे ताट धाकट्याच्या हातात होते. पुढे आमच्या वडिलांच्या बाकापाशी आला तेव्हा माझी जागा रिकामी पाहून तो थबकला. पुढचे सगळे बाक संपवून, ताटात उरलेला एकच प्याला घेऊन तो चालत मागे आला.

"दादा, तुझा."

"मला इथला मिळाला," मी म्हणालो आणि हातातला उंच प्याला दाखवला.

"दादा, लोक बघताहेत. ऊठ."

"बघू दे. तू बसतोस का? जागा आहे."

जावई सरकला. धाकट्याने त्या जागेकडे पाहिले. मग म्हणाला, "मला ताट ठेवायचंय," आणि गेला. ताट ठेवून तो परत आला नाही. मी उपासना संपेपर्यंत वाट पाहिली. गाळ्याचे त्याला अजून माहीत नाही, आणि मी बरा होऊन आलो तरी सांगणार नाही. कलम ९ आहे तसेच राहील.

उपासना संपल्यावर अक्का बसून राहिली. गुडघ्यांमुळे तिला आधाराशिवाय चार पावले टाकता येत नाहीत, आणि दर रविवारी आधार म्हणजे माझा हात. मी उठू लागलो तर छातीत कळ आली आणि पत्नीने मला खाली बसवले. मुलगी चिमणीला घेऊन बाहेर गेलेली. धाकटा कमिटीच्या खोलीत. मी जावयाला काहीच म्हणालो नाही. तो आपणहून उठला, मधल्या वाटेने पुढे गेला आणि अक्कासमोर हात पुढे करून उभा राहिला.

"अक्का, चला."

अक्काने हाताकडे पाहिले. मग मान वळवून लांबून माझ्याकडे पाहिले. मला बरेच काही बोलता आले असते. मिर्यामची गोष्ट तोंडावर आली होती. मी बोललो नाही, आणि ते मला कोणत्याही कलमापेक्षा अवघड गेले. पेटीवाल्या बाई पेटी बंद करायच्या थांबल्या होत्या. जावयाचा हात तसाच पुढे होता. तो त्याने मागेही घेतला नाही आणि आणखी पुढेही केला नाही.

अक्का बाकाला धरून उठली. तिने त्याचा हात धरला नाही. कोपराजवळ त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांच्या चिमटीत धरली, गरम भांडे धरावे तशी. तो तिच्या पावलाने चालू लागला. दाराच्या पायरीवर तिचा तोल गेला तेव्हा तिने बाही मुठीत पकडली, आणि मग रस्त्यावर, वळणावर, घराच्या जिन्यातही सोडली नाही. मी पत्नीला धरून मागून चालत होतो.

यामुळे मृत्युपत्रातील कोणतेही कलम बदलत नाही. घडले ते नोंदवून ठेवले, इतकेच.

सही
स्थळ: घर
दिनांक: वरील शनिवारनंतरचा रविवार
साक्षीदार: तेच दोघे. दोघांनीही हे प्रत्यक्ष पाहिले आहे.